बंडीच्या खिशातलं बी

प्रिय सरकार,

लसणाच्या पाकळ्या लावल्या, तुझ्या धाकाने टोकं वर करूनच. मिरचीचं बी मात्र रुसलंय. तू ते ओल्या फडक्यात बांधून कमरेला खोचायचीस. मी शाळेतल्या कविता म्हणू लागलो की म्हणायचीस, "अहो, उबेनं उगवतं ते, बडबडीनं नाही!" आता ते फडकं माझ्या बंडीच्या खिशात आहे. कविता रोज होतात, गप्प करणारं कुणी नाही.

काल लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, बाळासाठी आईला अजून दोन महिने ठेवून घेऊ?"

"खुशाल ठेव," म्हणालो.

हे वाचलंस तर तू पहिल्या गाडीने निघशील. म्हणून पत्र टाकत नाही. विचारलंस, तर सांगेन, मिरची छान वर आलीय.

तुझाच,
बडबड्या