अंगठा राहिला

आई, आप्पांचा गुडघा बदलला. तू असताना ते ज्या गुडघ्याच्या नावाने कुरकुरायचे, तोच. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘जखम कोरडी राहिली तर चालायला लागतील. साखर आहे, वय आहे. जंतू आत शिरले तर गुडघा परत उघडावा लागेल आणि ते त्यांना झेपेल असं मी सांगणार नाही.’ मी मान डोलावली. भूगावच्या या फ्लॅटमध्ये जंतू आणणार कोण, असं मला वाटलं. आपल्या मुठा गावाहून जीपभर माणसं आप्पांना बघायला निघाली होती, ते मला ठाऊक नव्हतं.

पुढे काका. तुझे धाकटे भावोजी अजून तसेच आहेत, आवाज आधी येतो, माणूस मागून. चपलांच्या कपाटावर मी सॅनिटायझरची बाटली ठेवली होती. त्यांनी थेंब हातावर घेतला आणि सवयीने तीर्थासारखा डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. मग डोळे चोळत ‘लई कडक हाय रं!’ म्हणत थेट पलंगावर बसले आणि बँडेज दाबून बघू लागले. खिशात अंगाऱ्याची पुडी होती, पिशवीत घरची हळद. मी म्हटलं, ‘काका, हात नको, लांबून बघा.’

‘भावाला लांबनं बघू? मी काय टीव्ही बघाया आलोय व्हय?’

आयुष्य वर्तमानपत्रात गेलेला माणूस अशा वेळी काय करणार? मी मथळा केला. ठळक अक्षरांत ‘जखमेला हात लावू नये’ असं छापून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या मंडळींनी अक्षर झकास असल्याचं सांगितलं. सांगताना एकाचा हात आप्पांच्या गुडघ्यावर होता. मग मी दार बंद ठेवायला सुरुवात केली. माणसं जिन्यातूनच परत गेली, काका रुसले, आणि आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवण नको, व्यायाम नको. ‘कुणी येईना झालंय, चालून जाऊ कुटं?’ म्हणाले. जखम कोरडी होती, पण माणूस सुकत चालला होता.

त्या दुपारी मी भांडी घासत उभा होतो आणि तुझा ओटा आठवला. डावी बाजू मळकी, उजवी स्वच्छ. बटाट्याला डावीकडून उजवीकडे जायची परवानगी, परत यायची नाही. एकदा आत्याने न धुतलेली कोथिंबीर उजवीकडे ठेवली, तर तू तिच्यादेखत सगळा ओटा पुन्हा धुतलास. आत्या महिनाभर आपल्याकडे चहा उभ्यानेच प्यायची. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेली तुझी पद्धत तू वरणापासून माझ्या गणितापर्यंत सगळ्याला लावायचीस: आधी बघ, मग नेमकं दुखणं कुठे ते ओळख, मग काय करायचं ते ठरव, मग कर, आणि केल्यावर परत बघ. मी पहिली पायरी गाळून थेट मथळ्यावर उडी मारली होती.

आणि तुझ्या दवाखान्यातला तो दिवस. वाडीवरच्या एकाच्या पायावर कोयता बसलाय, तू टाके घातलेत, आणि सगळी वाडी खाटेवर येऊन बसलीय. त्याची आजी मायेने जखमेवर फुंकर घालतेय. मला वाटतं, आता तू कडाडणार. तू आजीजवळ जाऊन बसतेस. ‘आजी, याला पाणी पाजायचं काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पण आधी हात धुवा, हे सरकारी काम आहे.’ कुणाला पंखा देतेस, कुणाला दाराशी उभं करतेस. सगळी कामं जखमेपासून लांबची. मी हसतोय म्हणून मला दटावतेस, ‘हसतोस काय? रिकामा हात जखमेकडेच जातो.’

संध्याकाळी मी काकांना फोन केला. म्हटलं, ‘माणसं पुन्हा येऊ द्यायची आहेत, पण दाराशी कुणीतरी वजनदार हवं. माझं कुणी ऐकत नाही.’

‘तुझं कोण ऐकणार?’ काका खूश होऊन म्हणाले. सकाळच्या एसटीने आले ते मुक्कामालाच. बेसिनशेजारी खुर्ची टाकली आणि मग जे राज्य सुरू झालं! साबण लावल्याशिवाय सरपंचालाही सोडलं नाही. हळद स्वयंपाकघरात गेली. अंगाऱ्याचा निकाल त्यांनीच लावला, ‘कपाळाला लावा. गुडघ्याला कपाळ न्हाई.’ ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टरलाही अडवलं.

‘बाई, आंगठा ऱ्हायला.’

‘आजोबा, मी नर्स आहे.’

‘आमची वयनी बी नर्सच व्हती. मला चारदा माघारी धाडलंय तिनं, आंगठ्यापायी.’

सिस्टर हसली आणि तिने अंगठा धुतला. बँडेज सोडून म्हणाली, ‘मस्त कोरडी आहे.’ आप्पांनी त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आलेल्या मंडळींना दाखवायला म्हणून खोलीभर चालले.

टाके निघाले. आप्पा आता वॉकर घेऊन गच्चीत जातात. पहाऱ्याची गरज उरलेली नाही, पण काकांना तसं कुणी सांगितलेलं नाही. मी बाहेरून आलो की खुर्चीतून आवाज येतो, ‘हात दाव.’ मी दाखवतो. ‘उलटं कर.’ करतो. तू गेल्यापासून घरात मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. हल्ली काही काम नसताना मी खाली एक चक्कर मारून येतो. आणि हात धुताना अंगठा मुद्दाम सोडतो.