तारीख न दिलेली बैठक

प्रिय मुंगी,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. आणि रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच. चार वर्षांत मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा 'आम्ही इकडे ठीक आहोत' याच्या पुढे पेन सरकलं नाही. सातवी शिकलेल्या माणसाचं असंच होतं. पत्ता तरी बरोबर आहे ना, ही धाकधूक आहेच. तुझ्या मैत्रिणीला दोनदा विचारून खात्री केली. तिसऱ्यांदा गेलो तर ती मला बघून जिना चढून वरच गेली.

परवा खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो आणि विचारलं, तहकूब म्हणजे काय हो. ते हसायला लागले. म्हणाले, चौतीस वर्षं सभागृहात शिपाई होतात, हजारदा कानावरून गेला असेल, आणि आता विचारताय होय? म्हटलं, कानावरूनच गेला, म्हणून विचारतोय. त्यांनी जाडा कोश काढला, त्यावरची धूळ माझ्या सदऱ्यावर झटकली. शब्द अरबीतून आलाय म्हणे, जुन्या दफ्तरांतून आपल्याकडे रुळलेला. मुळात अर्थ थांबण्याचा, काम पुढे ढकलण्याचा. मी लगेच बरखास्तही बघायला लावला. तो फारसी, त्यात उठून जाणं आहे. मास्तर म्हणाले, सभा बरखास्त झाली की माणसं घरी जायला मोकळी. तहकूब झाली तर ती नुसती थांबलेली असते. घरी येताना तीन पायऱ्यांवर तीनदा बसलो. गुडघ्यांमुळे नव्हे.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाण्याच्या टाकीवरून सभासदांची जुंपली आणि अध्यक्षांनी सभा तहकूब केली. मी आपला उत्साहाने कामाला लागलो. खुर्च्या भिंतीला लावल्या, नावांच्या पाट्या गोळा केल्या, फळा पुसला. हेडक्लार्क आले आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो शहाणे, सभा थांबलीय, मेलेली नाही, जे जिथे होतं तिथे ठेवा, म्हणाले. कुठली पाटी कुणापुढे होती ते आठवता आठवता मला घाम फुटला. नऊ दिवस ते सभागृह कुलपात तसंच होतं. हेडक्लार्कांनी तेव्हाच आमच्या कचेरीचा नियम सांगितला. तहकूब सभेत नवा विषय घ्यायचा नाही, राहिलेलाच पुढे न्यायचा. आणि सगळे सभासद आले नाहीत तरी अडत नाही, जेवढे येतील तेवढ्यांत काम चालतं. फक्त तारीख दिलेली पाहिजे.

चार वर्षांपूर्वी त्या रविवारी दुपारी आपण चौघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. तू एकच बॅग घेऊन आली होतीस आणि सांगितलं होतंस की सासरी त्या घरात परत जाणार नाही. का, तेही सांगितलंस. तुझ्या मनगटाकडे मी एकदाच पाहिलं. दादा म्हणाला, लोक काय म्हणतील ते माझ्या दुकानात येऊन म्हणतील, तुला काय. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ती म्हणाली, आता तुम्ही बोला, आणि तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हा विषय सध्या तहकूब ठेवू. आणि पाणी भरायच्या निमित्ताने आत गेलो. बादली केव्हाच भरून वाहत होती, मी नळ बंद केला नाही. तू पाच वाजेपर्यंत वाट पाहिलीस. मग बाहेरच्या दाराची कडी वाजली, तू गेली होतीस. आता आहेस त्या शहरात तू नोकरी धरलीस, खोली घेतलीस, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं.

त्या दिवसापासून चारही खुर्च्या मी हलू दिलेल्या नाहीत. खिडकीजवळची तुझी. तिच्यावर आई ओले टॉवेल टाकायची, मी उचलायचो. दादा म्हणाला, बाबा, पाहुण्यांना तिकीट लावा आता. आई म्हणाली, खुर्चीला इतकं जपता, तिच्यात बसली होती तिला का नाही जपलंत? मी पेपर उघडला. उलटा धरला होता, हे तीच सांगते.

आता खरं लिहितो. आई मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, घाबरू नकोस. तुला सेवेला बोलावतोय असंही समजू नकोस, त्यासाठी बाई ठरवली आहे. येत्या पाच तारखेला तिला घरी आणायचं आणि डॉक्टरांनी पलंग खिडकीजवळ लावायला सांगितलाय. म्हणजे खुर्च्या उचलाव्या लागणार. दोन दिवस त्यांच्याभोवती फिरतोय, हात पुढे होत नाही. त्या उचलायच्या आधी राहिलेला विषय पुरा झाला पाहिजे. चार वर्षं जी तारीख दिली नाही ती देतो: चार तारीख, दुपारी तीन, तीच खोली. दादा गावाला गेलाय, आई दवाखान्यात. आपण दोघं पुरेसे आहोत. माझं मत आधीच लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी मला पाणी भरायला जाता येणार नाही. तू परत गेली नाहीस ते बरोबर केलंस. हे घर तुझं होतं आणि आहे, आणि हे मला त्या रविवारीच माहीत होतं. येणार नसलीस तरी तसं कळव. मास्तरांच्या फोनवर नुसता निरोप ठेवलास तरी चालेल, मी सकाळपासून त्यांच्याच ओट्यावर असतो. पण लवकर कळव, मुंगी.

तुझाच,
बाबा