वरचं तुम्ही सांगा

सर, मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुम्हाला हे सांगायला तुम्ही जाऊन अकरा वर्षं व्हावी लागली. आणि गंमत म्हणजे हे लिहिताना रडू येत नाहीये, हलकं वाटतंय. मागच्या महिन्यात याच गोष्टीनं माझी झोप उडाली होती, म्हणून आधी तेच सांगते.

शुक्रवारी कंपनीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसून मी नव्या अल्बमांबद्दल बडबडायचे ना, ती यादी अजून चालू आहे. आता ती इथे चेन्नईत, वेलचेरीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर जाते. ग्रुप निघाला होता गणपतीच्या वर्गणीसाठी. त्यात मी दर शुक्रवारी तीन नवे अल्बम सुचवते, सगळे इलेक्ट्रॉनिक नाहीतर नाचायचे. पहिल्या यादीवर एका काकांनी विचारलं होतं, ‘ताई, ह्यात गाणं कधी सुरू होतं?’ आता तेच काका शुक्रवारी दुपारी दोनला ‘आज काय विशेष?’ म्हणून टोकतात. लोकांना माझं लिहिणं आवडतं म्हणे, कारण मी ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’ असलं काही लिहीत नाही. कुठल्या मिनिटाला काय येतं, कुठून येतं आणि किती वेळ टिकतं, एवढंच लिहिते. ही कला कुणाची हे त्यांना ठाऊक नाही, आणि मीही ऐटीत माझीच म्हणून मिरवत आले.

खरं तर ती इरुंगाट्टुकोट्टैच्या आपल्या कारखान्याच्या शेडमधली आहे. मी सांगलीहून नुकतीच आलेली, पहिलाच आठवडा. सकाळच्या शिफ्टला तुम्ही हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर आणि बगलेत वही घेऊन लाइनवरून चालत येता. टोक मशीनवर टेकवता, मूठ कानामागच्या हाडाला लावता, डोळे मिटता. मग मला म्हणता, ‘आधी तू आयक, मागून मी.’ मी ऐकते आणि वहीत लिहिते, ‘आवाज चांगला.’ तुम्ही वही माझ्यापुढे परत सरकवता. ‘चांगला म्हणजे एन्न? मशीनीस चांगलं ठाऊक नाही, अम्मा. काय आयकलीस तें लिही.’ तुमची ती तमिळ मिसळलेली तंजावरची मराठी ऐकून मला हसू फुटलं, आणि तुम्ही सगळ्या लाइनसमोर मला झापलंत. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. पण महिनाभरात मी लिहायला लागले: चार नंबर, ओल्या चपलेसारखा, डावीकडून. नऊ नंबर, सुपारी फोडल्यासारखा, थांबून थांबून. नऊ नंबरचं बेअरिंग त्याच आठवड्यात बदललं, आणि तुम्ही तुमच्या डब्यातला अर्धा दहीभात माझ्या झाकणात काढलात. कानात बोळे मात्र आपण दोघांनीही कधी घातले नाहीत. ‘कान झांकून मशीन कळेल का?’ म्हणायचात. सर, याबद्दल मी तुमच्यावर थोडी चिडलेली आहे, ते चिडणं राहू द्या.

तर मागच्या महिन्यात यादीत मी एक अल्बम दिला. लिहिलं होतं: खाली संथ ठोका, वर काहीच नाही, रविवारी दुपारी डुलकी काढताना लावा. आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहिते. ती संध्याकाळी थेट दारात. ‘ताई, वर काहीच नाही काय म्हणता? पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यात डास शिरल्यासारखं होतं!’ मी पुन्हा लावला. डास नव्हता. तिनं फोन माझ्या कानाशी धरला, आवाज वाढवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘ताई, खरंच येत नाहीये का ऐकू? दाखवून घ्या ना.’

ज्या बाईला आवाज ऐकू येत नाहीत तिनं लोकांना काय ऐकावं हे सांगायचं? आंधळ्यानं वाट दाखवण्यातला प्रकार. यादी बंद करावी लागणार असंच मी धरून चालले, आणि यादी गेली तर माझ्याकडे माझं म्हणावं असं काय उरतं, ते मला सुचेना. टी. नगरमध्ये साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कानाचे डॉक्टर बसतात. त्यांच्याकडच्या काचेच्या खोलीत बसून, ऐकू आलं की बटण दाबायचं. दाबता दाबता मध्येच शांतता झाली. मला वाटलं, तपासणी संपली. संपली नव्हती. कागदावरची रेघ सरळ चालत येऊन शेवटी खड्ड्यात उतरली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘फॅक्टरीत किती वर्षं?’ मी सांगितलं. ते म्हणाले, खालचं, जाड आवाजांचं, सगळं शाबूत आहे, वरचं, बारीक, गेलंय ते येणार नाही, पण जपलंत तर आणखी जाणार नाही. ‘गाणी ऐकू का?’ ‘ऐका की. आवाज कमी ठेवा.’ खाली उतरले तेव्हा इतकं बरं वाटत होतं की साडीच्या दुकानात शिरून मी विनाकारण दोन साड्या उलगडायला लावल्या.

त्या शुक्रवारी ग्रुपवर खरं ते लिहून टाकलं. वरचे आवाज मला येत नाहीत, मागच्या वेळी चुकले, यापुढे खालचं मी सांगेन, वरचं तुम्ही सांगा. पाठवलं आणि फोन पालथा ठेवून तांदूळ धुवायला गेले. परत येऊन पाहते तो लोकांनी लिहून लिहून धुमाकूळ घातलेला. काकांना तिसऱ्या मिनिटाला कुकर शिट्टी देण्याआधी फुसफुसतो तसं ऐकू येतं. कुणाला नव्या साडीची घडी मोडल्यासारखं. खालच्या मजल्यावरची मुलगी आणि काका डास एक की दोन यावर अजून भांडतायत. ‘चांगलं आहे’ असं एकानंही लिहिलं नाही, सर.

त्या काचेच्या खोलीत मला तुमचं एक कोडं सुटलं असं मी घरी सांगितलं. ‘आधी तू आयक’ हे शिकवणं नव्हतं, तुम्हाला वरचं ऐकू येत नव्हतं. घरच्यांना पटलं. पण ते खोटं आहे. मला ते तिथं कळलं नाही. मला आधीपासून ठाऊक होतं.

कुणी सांगितलं तर तुम्हाला लाइनवरून काढून स्टोअरमध्ये बसवतील, अशी मला धास्ती होती. निवृत्तीला दोनच वर्षं होती तुमच्या. म्हणून गप्प बसले, आणि दर शुक्रवारी तुमच्यासाठी जाड, खालच्या आवाजांचे अल्बम शोधून आणायला लागले. तुम्ही मान डोलवत ‘बेश’ म्हणायचात. माझी पहिली यादी तीच. तुम्हाला सांभाळलं असं इतकी वर्षं वाटत होतं. आता वाटतं, त्या मुलीनं दारात उभं राहून मला जे दिलं, ते मी तुम्हाला कधीच दिलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत एकटेच लपवत राहिलात.

हे मी शुक्रवारच्या यादीच्या खाली, फोनमध्येच ठेवणार आहे. चुकून ग्रुपवर जाऊ नये म्हणजे झालं. बसमध्ये पहिल्यांदा मी बारीक किणकिणीनं सुरू होणारं गाणं लावून तुमच्या कानात माझा इअरफोन दिला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुम्ही थोडा वेळ थांबून विचारलंत, ‘अजून सुरू नाही झालें का?’ मी म्हणाले, ‘होईल सर, आत्ता होईल.’

सुरू झालं होतं, सर. केव्हाचंच.