घटातलं सातवं धान्य

आई, काल सकाळी तुझ्या नातीनं हॉलमधून एक हाक मारली आणि मी ओट्यापाशी हातात झारा धरून तशीच उभी राहिले. कुठली हाक ते सांगतेच, पण मधलं सगळं सांगितल्याशिवाय ती तुला कळायची नाही. म्हणजे कळेलही, तुला सगळं आधीच कळलेलं असायचं, निदान तसा आव तरी असायचा. पण आज मला पहिल्यापासून बोलायचंय, तू मधे बोलू नकोस. नवरात्र चाललंय. बाहेर अजून उन्हाची भट्टी पेटलेली आहे. इथे आखातात, सलवातल्या ह्याच फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या बाजूच्या त्याच कोपऱ्यात घट बसलाय. तू जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज नीट आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं.

तू व्हिजिट व्हिसावर आलीस तेव्हा मला ती नोकरी लागून थोडेच महिने झाले होते. शेतकी पदवी घेऊन मी लग्न केलं, इथे आले, आणि मग पोळ्या, पोरगी, पोळ्या. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, नवऱ्याच्या नावाची छत्री, आणि त्या छत्रीखाली मी सुखात बसलेय असं सगळ्यांना वाटायचं. तुला नाही वाटायचं. फोनवर दर वेळी तुझा एकच सवाल, "मग, तुझ्या शिक्षणाचं काय करायलीस?" शाळेत पोरांना पाढे विचारायचीस त्याच आवाजात. मला राग यायचा. पण त्या रागापोटीच मी सुलैबियातल्या फुलझाडांच्या नर्सरीत अर्ज टाकला, हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. नोकरी लागल्याचं कळवलं तर तू फोनवर नाक ओढलंस, आणि मग म्हणालीस, "जेवलीस का?" मला कळलं तू रडतेयस.

नर्सरीत माझ्याकडे काम आलं ते परदेशी रानफुलांचं. इथला हिवाळा म्हणजे चार दिवसांची चैन, तेवढ्यात बंगल्यांच्या बागा आणि चौक फुलून दिसले पाहिजेत. त्यासाठी अमेरिकेतून बियांची एक बाटली आली होती, फॅसेलिया नावाच्या रानफुलाची, मिश्र जाती. एक जात जाळीदार पानांची, तिच्यावर मधमाश्या तुटून पडतात. दुसरी बुटकी, निळ्या घंटांची, तिकडच्या वाळवंटात आपोआप उगवणारी. मी म्हटलं, वाळवंटातलं फूल वाळवंटात नाही येणार तर कुठे येणार? ट्रे भरले, बारीक बियाणं वरच्या वर पसरलं, पेट्युनियाचं पसरतो तसं, हलकं दाबलं, जाळीखाली उजेडात ठेवलं. काही नाही. पुन्हा टाकलं. पुन्हा काही नाही. नुसती ओली माती, आणि तिच्याकडे टक लावून बसलेली मी. आमचे सुपरवायझर केरळचे, स्वभावाने चांगले, पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. ते म्हणाले, "मॅडम, एक बार और डालो. इस बार नहीं आया तो ऊपरवाले बोलेंगे, प्रोबेशन खतम." म्हणजे परत छत्रीखाली.

हे मी तुला विमानतळावरून घरी येतानाच गाडीत सांगून टाकलं. सामान डिकीत, पोरगी तुझ्या मांडीवर, आणि मी गाडी चालवता चालवता रडतेय. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तू उकरून बघतेस का गं?" मी म्हटलं, काय? "बी टाकल्यावर. उकरून बघतेस का, आलं का आलं का म्हणून?" रोज उकरत होते, दुसरं काय करणार! "पोरगं झोपलंय का हे त्याला उठवून विचारतेस व्हय?" असं म्हणून तू खिडकीतून बाहेरच्या खजुरांकडे बघायला लागलीस, आणि ह्या झाडांना पाणी कोण घालतं म्हणून विचारलंस. मला तेव्हा तुझा इतका राग आला होता आई, की मी एक एक्झिट चुकले.

आणि मग घट. तुला घट बसवायचाच होता. मी म्हटलं इथे कुठे माती, तर म्हणालीस तू मातीतच काम करतेस ना? मी नर्सरीतून वाळू आणि नारळाच्या काथ्याचं कोकोपीट आणलं. तू ते मुठीत घेऊन हुंगलंस आणि तोंड वाकडं केलंस. "हिला वासच नाही. ही कसली माती? भुसा आहे नुसता." पण घेतलीस. परडी नव्हती, म्हणून पोरीची वाळूत खेळायची पसरट टोपली धुऊन घेतलीस. जावयाला बकाल्यात पाठवलंस, कोपऱ्यावरच्या त्या दुकानात बिचारा दोनदा जाऊन आला. गहू मिळाला, हरभरा मिळाला, मूग, मटकी, तीळ, जवससुद्धा मिळालं. ज्वारी मिळाली ती पीठ होऊन. तुझी सात धान्यं व्हायला एक कमी पडलं. तू काही बोलली नाहीस, आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. कारण संध्याकाळी मी कामावरून आले तर घट बसलेला, दिवा लागलेला, पहिली माळ चढलेली, आणि उरलेल्या बियाण्याची, नर्सरीतून घरी आणून फ्रिजवर ठेवलेली माझी बाटली तिच्या जागेपासून हातभर सरकलेली.

"आई, ह्यातलं काढलंस का तू?"

"चिमूटभर."

"आई! ते ऑफिसचं बियाणं आहे! तेवढंच उरलंय!"

"मग सहा धान्यांचा घट बसवू? देवी मोजून घेते, बाई."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, बरंच बोलले. धान्य आणि फूल यात काही फरक असतो की नाही, असंही बोलले. तू दिव्याची वात सारखी करत होतीस. शेवटी म्हणालीस, "विलायती असलं म्हणून काय झालं, मातीतच पडलंय ना? आणि वर चांगली बोटभर माती लोटलीय, आता काय ते सापडायचं नाही तुला." आणि माझ्याकडे वळून बघितलंस. "आणि उकरायचं नाही. देवीच्या घटात हात घातलास तर हात मोडीन." मी हसले गं. त्या सगळ्या वैतागात मला हसूच आलं.

त्या दिवसांत एसी रात्रंदिवस चालू, कारण तुझ्या जावयाला गरम सहन होत नाही. तू शाल पांघरून घटापुढे बसायचीस आणि म्हणायचीस, "बर्फाच्या कारखान्यात बसवलीय मी देवी." रोज सकाळी बोटांनी पाणी शिंपडायचीस, माळ बांधायचीस. इथे झेंडू मिळायचा तो महागामोलाचा, म्हणून एक माळ तू चक्क पिस्त्याच्या टरफलांची केलीस आणि पोरीला म्हणालीस, देवीला पण कधीतरी दागिना घालावा. गहू वर आला, पिवळा, लवलवीत. मूग आला, हरभरा आला. मी येता-जाता त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत होते. नर्सरीतला तिसरा डाव अजून टाकलाच नव्हता. भीती वाटत होती. बियाणं टाकलं नाही तोवर ते मेलेलं ठरत नाही ना.

सातव्या माळेच्या सकाळी मी डबा भरत होते, आणि हॉलमधून तुझी हाक आली. "अगं अगं, ये इकडे! आलं गं, आलं!" मी स्वयंपाकघरातून ओ दिली, "ओ! काय आलं?" मला वाटलं कुणी पाहुणा आला. येऊन बघते तर तू जमिनीवर ओणवी झालेली, चष्मा कपाळावर, आणि गव्हाच्या पात्यांच्या बुडाशी दोन प्रकारची इवली रोपं. एकाची पानं फाटल्यासारखी, कातरलेली. दुसरं गोलसर, जाडसर, लव असलेलं. मी ती रोपं कागदावरच्या चित्रात इतक्या वेळा बघितली होती की मला एक क्षणही शंका आली नाही. तुझी बोटभर माती, म्हणजे अंधार. जावयाचा एसी, म्हणजे गारवा. ह्या बियाण्याला नेमकं तेच हवं होतं. मी त्यांना उजेडात आणि उन्हात भाजत होते, वर रोज उकरून परत उजेड दाखवत होते. तुला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि तसं तू कधी म्हणालीही नाहीस. तू मला एवढंच म्हणालीस, "बघ, झालं सातवं." देवीचा हिशोब पुरा झाला, तुझ्या लेखी विषय संपला. मी मात्र तुला मिठी मारली. तू म्हणालीस, सोवळ्यात आहे गं मी, लांब हो.

त्याच दिवशी उरलेलं सगळं बियाणं टाकलं. वर वाळूचा थर, त्यावर काळं प्लॅस्टिक, आणि ट्रे कापलेल्या फुलांच्या शीतगृहाच्या बोळात. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, ये क्या फ्रिज में खेती?" मी म्हटलं, हां सर, और कोई हाथ नहीं लगाएगा. तुझाच आवाज निघाला तोंडातून. दसऱ्याला तू गव्हाचे तुरे माझ्या केसांत खोवलेस, जावयाच्या कानावर ठेवलेस, पोरीच्या रिबिनीत अडकवलेस. पण ती फाटक्या पानांची आणि गोल पानांची रोपं तू मोडू दिली नाहीस. "ह्यांना राहू दे, ह्यांना अजून काम आहे." दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून तू ती त्यात लावलीस. दसऱ्यानंतर काही दिवसांनी नर्सरीत काळं प्लॅस्टिक उचललं आणि खाली हिरवं, सगळे ट्रे हिरवे. मी घरी पळत आले, जिना चढता चढताच ओरडले, "आई, आलं गं!" आणि आतून, फोडणीच्या आवाजातून, तुझी ओ आली. एकदम शांत, दूधवाला आलाय असं सांगितल्यासारखी. "ओ. येणारच की. हात धू आधी."

फुलं यायच्या आधी तुझा व्हिसा संपला. मी तुला फोटो पाठवले, ते भावानं दाखवले. त्यावर तुझा फोन आला, "अगं, हे तर विंचवाच्या नांगीसारखं वळतंय. आपल्या बांधावरच्या भुरुंडीसारखं!" बरोबर होतं आई, दोन्ही एकाच कुळातली. मी ते सांगितलं तर म्हणालीस, "मग? सोयरीक निघाली की." आणि हसलीस, खूप वेळ. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

नोकरी टिकली. इकाम्यावर आता माझंच नाव, माझ्याच हाताखाली माणसं. फेब्रुवारीत सुलैबियाला निळ्याजांभळ्या रांगा उभ्या असतात, त्या नांग्या हळूहळू उलगडत जातात, मधमाश्यांच्या पायांवर निळसर पराग दिसतो, आणि बुटक्या जातीची लव लागून माझी मनगटं दर वर्षी खाजतात. मला ती खाज आवडते, हसू नकोस. आणि दर नवरात्रात, त्या वर्षी आलेल्या नव्या बियाण्याची चिमूट मी आधी घटात टाकते. आता बकाल्यात ज्वारीही मिळते, सातही धान्यं मिळतात, तरी टाकते. ते उगवलं की मगच नर्सरीत ट्रे भरायला सांगते. ऑफिसात ह्याला मी प्री-टेस्ट म्हणते, सगळे मान डोलावतात. आणि उगवलं की मी हॉलमध्ये उभी राहून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडते, "आई, आलं गं!" तुझी नात लहानपणापासून विचारत आली, "मॉम, हू आर यू टॉकिंग टू?" मी सांगायचे, आजीशी. ती डोळे फिरवायची. आता कॉलेजात जाते, माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलली तर मी कॅलेंडरवर लिहून ठेवावं अशी परिस्थिती.

तर काल सकाळची गोष्ट. मी ओट्यापाशी साबुदाणा वडे तळत होते. ती हॉलमध्ये कॉलेजची बॅग शोधत होती. आणि एकदम, तुझ्याच चढ्या सुरात, "आई, आलं गं! आलं!"

हा कागद मी कुठे पाठवणार नाहीये. घडी करून फ्रिजमध्ये बियांच्या बाटलीखाली ठेवीन, तिथे गार असतं आणि अंधारही. पण एक सांगून टाकते. त्या हाकेला ओ द्यायची होती ती मीच. हाक मलाच होती, आई आता मीच आहे, स्वयंपाकघरातही मीच होते. पण मी लगेच ओ दिली नाही. वडा करपला तरी दिली नाही. थोडा वेळ थांबून राहिले, वाटलं, तू देशील.