घर नंबर चौदा, माणसं तीन

३१ जानेवारी, रविवार

आलो एकदाचे लोणावळ्याला! माझी लेक समीक्षा, मी, दोन बॅगा, कुकर, लॅपटॉप आणि समीक्षाची फाटकी गोधडी. ती गोधडी फेकायचं नुसतं नाव काढलं तरी बाईसाहेब घर डोक्यावर घेतात. देहूरोडपासून टेम्पोवाल्याला विचारत होती, बोगदे कधी येणार. बोगदे पुढं खंडाळ्याला, असं त्यानं सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. समोरचे दोन दात पडलेत, त्यामुळं ते तोंड भलतंच विनोदी दिसतं.

रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समागच्या गल्लीत दोन खोल्यांचं कौलारू घर आहे. दारावर गंजका पत्रा, नंबर चौदा. गेल्या वर्षीपर्यंत इथं मंडपवाल्याचं सामान असायचं. आता अनिताकाकूंनी फरशी घालून भाड्यानं द्यायला काढलंय. पहिली भाडेकरू मी.

काम मजेशीर आहे. टोरांटोच्या मार्लीन पिंटो यांना आपला वंशवृक्ष पुरा करायचाय. त्यांचे खापरपणजोबा कायतान पिंटो गोव्याहून घाटातल्या इंजिनावर फायरमन म्हणून आले आणि याच गल्लीत राहिले. पुढं भुसावळला झालेली मुलं सापडली, पण थोरली लुईझा सापडत नाही. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, मरणाची नाही. चर्चच्या जुन्या वह्या वाचून तिचा शेवट शोधायचा.

हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. माझ्या पणज्याचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. लष्कराच्या कामावर हमाल होते, आणि आजोबांनी जपून ठेवलेल्या त्यांच्या पितळी बिल्ल्यावर नुसता आकडा आहे, ४१७. आणि मी दुसऱ्यांचे पूर्वज शोधत फिरते.

एक खोटं बोलावं लागलं. अनिताकाकूंनी आडनाव दोनदा विचारलं आणि एकट्या बाईला घर देत नाही असं तोंडावर सांगितलं. मग मी सांगितलं, मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शनिवार-रविवार येतात. संदेश दोन वर्षं कुठं आहे ते मलाही माहीत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

४ फेब्रुवारी

चर्चच्या कार्यालयात पीटर गायकवाड म्हणून साठीचे गृहस्थ आहेत. त्यांनी आधी माझं परवानगीचं पत्र तपासलं, मग माझे हात. साबणानं धुऊन या म्हणाले. धुऊन आले, तर परत बघितले. वह्या अशा काढल्या की मी त्या पळवूनच नेणार आहे.

पण वह्या काय सुंदर आहेत! बाप्तिस्मा, लग्न, दफन, प्रत्येकाची वेगळी वही. आणि एक घरमोजणीची. त्या काळी पाद्री दर वर्षी ईस्टरआधी घरोघर जाऊन माणसं मोजायचे. घराचा नंबर, माणसं किती, नावं, वयं.

अंगण झाडणाऱ्या मुक्ताबाईंशी ओळख झाली. माहेर भाजे गावचं, राहतात आमच्याच गल्लीच्या टोकाला. घरी किती माणसं, म्हणून सहज विचारलं, तर त्यांनी नावंच घेतली. गेणू, सरूबाई, आकाश आणि मी मुक्ता. चौघं म्हणायला काय होतं, म्हणून मी थट्टा केली. त्या हसल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

समीक्षा नव्या शाळेत रुळतेय. दुसरीत आहे. मॅडमनी डाव्या हातानं लिहू नको म्हणून सांगितलं, तर हिनं उलट विचारलं, मग हा हात कशाला दिलाय? लेक माझी शोभते. दुधावरची साय मात्र अजून बोटानं काढून कपाच्या कडेला चिकटवते आणि ओकारीचं नाटक करते.

११ फेब्रुवारी

जनगणनेला समीक्षाच्याच वर्गशिक्षिका आल्या, सविता मॅडम. शाळा करून वर हे काम गळ्यात पडलंय म्हणून वैतागलेल्या. अनिताकाकू नेमक्या फाटकाशी कान देऊन उभ्या. घरात राहणारी माणसं किती, असं मॅडमनी विचारलं. दोन म्हणाले असते, तर संध्याकाळी बॅगा रस्त्यावर आल्या असत्या. मी म्हणाले, तीन.

मॅडमनी मोबाइलमध्ये आकडा टाकला. माझं नाव-गाव घेतलं आणि तेवढ्यात त्यांना फोन आला. बाकीचं शाळेच्या नोंदीवरून भरते म्हणाल्या आणि निघाल्या. सरकारदरबारी संदेश परत नांदायला आला, एवढंच. कुणाचं काय बिघडलं?

१४ फेब्रुवारी

अनिताकाकू तणतणत आल्या. मुलगी एकच आहे असं सांगून घर घेतलंत आणि नळावर दोन पोरी कशा खेळतात, असं त्यांचं म्हणणं. दुसरी कुणाची तरी असेल, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्याच दारातून बाहेर आली, अनवाणी. तुमच्या लोकांचं असंच असतं, हेही ऐकवून गेल्या. असा संताप आला की दार आपटलं.

समीक्षाला विचारलं. ती म्हणाली, लुईझा आहे ती. कामाचं माझं बोलणं ऐकून नाव उचललं असणार.

१६ फेब्रुवारी

सापडली! घरमोजणीची वही, १८९३. पिंटो, माणसं तीन. कायतान, रोझालिन, लुईझा वय सात. आणि समासात पाद्रीबाबांच्या बारीक अक्षरात लिहिलंय की मुलगी डिसेंबरात घाटात हरवली, सापडली नाही, आई ऐकत नाही, तीनच म्हणते, दाराशी रडते. म्हणून त्यांनी तीन लिहिले, देवानं क्षमा करावी.

मला रडू आलं. मीही तेच केलं असतं.

पान उलटलं. १८९४, माणसं तीन, लुईझा वय सात. १८९५, माणसं तीन, लुईझा वय सात. पाद्रीबाबांनी जुन्या पानावरून उतरवून घेतलं असणार. आम्ही टाइप करणारेही कंटाळलो की तेच करतो.

१८ फेब्रुवारी

सकाळी घाईत वेण्या घातल्या. डबा भरला, रिक्षा आली, पोर गेली. मग कंगवा धुताना हात थांबला.

मी चार वेण्या घातल्या होत्या.

१९ फेब्रुवारी

पुढची पानं वाचली. १८९६ साली पिंटो गेलेले, त्या घरात डिसोझा आले. माणसं चार. नवरा, बायको, त्यांची माटिल्डा वय सहा, आणि लुईझा वय सात. १८९७ साली माणसं तीन. नवरा, बायको, लुईझा. माटिल्डा नाही. दफनाच्या वहीत पाहिलं, लग्नाच्या पाहिलं, कुठंच नाही. पुढं आणखी दोन कुटुंबं. दर वेळी आधी एक माणूस जास्त, मग पुढच्या मोजणीला त्यांचं स्वतःचं पोर कमी. १९११ नंतर घर बंद.

पानाच्या माथ्यावरचा घर नंबर मी आज पहिल्यांदा नीट वाचला. चौदा.

पीटरकाकांना दाखवलं. त्यांनी वही मिटली, कपाटाला कुलूप लावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले.

मुक्ताबाई बाहेर उभ्या होत्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "आकडा का सांगितला, बाई? हितं कुनी आकडा सांगत न्हाई, नावं सांगत्यात. आकड्यात कुनीबी येऊन बसतं. आता परत मोजाया येतील तवा एक कमी व्हनार. तवा पोरीचं नाव घ्या, मोट्यानं. नाव घेतलं का तिला कुनी हलवत न्हाई."

२२ फेब्रुवारी

शाळेत गेले. सविता मॅडमना म्हटलं, ती नोंद दुरुस्त करा, आम्ही दोघीच आहोत. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. तिसरं माणूस, मुलगी, वय सात. तुम्हीच दोन मुली सांगितल्यात, असं मलाच सुनावलं. आता जे काही ते फेरतपासणीला, १ ते ५ मार्च.

हजेरीपट पाहिला. १२ तारखेपासून समीक्षा गैरहजर. रोज मी तिला रिक्षात बसवते.

२४ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. आईला देहूरोडला फोन केला, आजच येतो म्हणून सांगितलं. आई खूश झाली. मग विचारलं — लुईझा नीट जेवते का गं आता?

मी आईला हे नाव कधीच सांगितलेलं नाही.

बॅगा परत सोडल्या. कुठं जायचं? जाईन तिथं ती आधीच पोचलेली असणार.

२६ फेब्रुवारी

आज बरं वाटतंय. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. ऊन छान पडलंय. माझ्या मुलीला दुधावरची साय फार आवडते, वाटीभर दिली तर चाटूनपुसून खाल्ली. अक्षर काय वळणदार काढते, उजवा हात कसा झरझर चालतो. दाराशी एक पोर सारखं उभं असतं. कुणाचं आहे देव जाणे. हाकललं तर जातही नाही.

२६ फेब्रुवारी, दुपारी

८ तारखेचं पान वाचलं. वाचलं नसतं तर —

डावा हात. साय आवडत नाही. दोन दात नाहीत. समीक्षा. समीक्षा. मी तिला हाकललं. माझ्या पोटच्या पोरीला मी दारातून हाकललं.

२८ फेब्रुवारी

तिला जवळ घेऊन बसले. वजनच लागत नाही मांडीवर. म्हणाली, आई, तू हल्ली मला हाक मारत नाहीस. मी मारली. दहादा मारली. दुसरी चुलीच्या कोपऱ्यात बसून ऐकत होती. रागानं बघत होती, आणि माझ्याच आवाजात तिनंही — तेच नाव, मागोमाग, जरा चुकीचं.

जन्मदाखला काढला. माझं नाव आहे, तारीख आहे. तिच्या नावाची जागा कोरी.

२ मार्च

मनगटावर पेनानं लिहिलंय. समीक्षा. भिंतीवर लिहिलं, ते अनिताकाकूंनी पुसायला लावलं. एकच तर पोर, तिच्या नावानं घर खराब करू नका म्हणाल्या. एकच — त्यांनाही आता एकच दिसते.

मॅडम ५ तारखेला येणार.

रोझालिनबाई, तुमचं पोर गेलं, तुमचं दुःख मला कळतं. पण माझं पोर नाही देणार मी. ऐकताय का? नाही देणार.

४ मार्च

साय — नको म्हणाली. नाही, नको म्हणणारी ती — ती दुसरी —

दोघी झोपल्यात. गोधडी एकीनंच ओढून घेतलीय. कुणाची गोधडी?

मनगट. वाचलं. हो. तीच.

५ मार्च

फाटक वाजलं. सविता मॅडम. मागं अनिताकाकू — असू देत. तीन म्हणणार नाही. दोनही म्हणणार नाही. आकडाच सांगणार नाही.

एकीनं माझा हात घट्ट धरलाय. गार आहे हात. दुसरी लांब उभी आहे, गोधडी धरून. समोरचे दोन दात नाहीत. माझ्या तोंडाकडं बघतेय. हाक मारायची वाट बघतेय —

मनगटावर होतं. सकाळी भांडी घासली, सगळं —

मागची पानं उलटत बसले तर मॅडम आकडा टाकून जातील. मोबाइल काढलाय त्यांनी. विचारतायत, घरात कोण कोण. थांबा मॅडम. पाठ आहे मला, कितीदा तरी लिहिलंय. लिहिते आणि लगेच मोठ्यानं म्हणते —

माझ्या मुलीचं नाव