हस्तीमलचा हात

सौ. अनुसयेस, चिंचपाड्याच्या दवाखान्यातून सप्रेम आशीर्वाद.

माझा खोकला उतरतोय. तुझे गुडघे कसे आहेत?

आपली मोहिनी इथंच नर्सिंग शिकते, पण शेजारच्या खाटेवरच्या हस्तीमलचा हात सोडत नाही. माझी नाडी मात्र झटकन बघून जाते. तो वर चिडवतो, "नात तुन्ही, पण हात मन्हा धरस!" जीव जळतो गं. शाळेत पाठ केलेल्या कविता पडल्या पडल्या गुणगुणतो, त्याही गोड लागत नाहीत.

काल मी रुसलो. ती कानात म्हणाली, "आजोबा, त्यांना धाप लागते. नाडीच्या निमित्तानं मी श्वास मोजते. सांगितलं तर माणूस श्वास बदलतो."

आज तिनं माझाही हात बराच वेळ धरला. मी हस्तीमलकडे ऐटीत पाहिलं, आणि पोरीला घोर नको म्हणून मुद्दाम सावकाश श्वास घेत राहिलो.

तुझाच,
प्रेमचंद