केसांच्या हारातली मधली जागा

३ ऑक्टोबर १८५७
पोचले एकदाची! लॅथ्रॉपांचं घर मॅसॅच्युसेट्समधल्या चारचौघांसारखंच पांढरं, पण स्वयंपाकघर उबदार, आणि डॉर्कस स्वयंपाकिणीच्या हातचा मक्याचा पाव असा की मी लाज सोडून तीन तुकडे हाणले. काम माझ्या आवडीचं. घरातल्या गेलेल्यांच्या केसांची फुलं वळायची आणि दिवाणखान्यातला हार पुरा करायचा. हार घोड्याच्या नालासारखा. शेवटचं गेलेलं माणूस मधे. पुढचं कुणी गेलं की ते कडेला सरकतं. मधे सध्या घरचा थोरला मुलगा एसा आहे. बाईसाहेबांना आता उरली एकटी अक्सा, सहा वर्षांची, सोनेरी केसांची. तोंडाची टकळी अखंड चालू. मला ‘केसवाली मावशी’ म्हणते.

९ ऑक्टोबर
एसाचं फूल आधीच्या कारागिरणीनं वळलंय की नुसता गुंता करून ठेवलाय? मधे शोभेना, म्हणून कडेला लावलं. मधल्या जागेसाठी नंतर मोठं फूल करीन, तोवर ती रिकामी. डॉर्कस चरकली. म्हणाली, बाई गं, ती जागा मोकळी ठेवू नये, ती आपलं माणूस शोधते. मी म्हटलं, तू पाव भाज, केसांचं मला कळतं.

१४ ऑक्टोबर
अक्साला ताप. घशात पडदा धरलाय म्हणे, घटसर्प. एसा यातच गेला होता. काल त्याचं फूल परत मधे बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून. आज सकाळी ते कडेला होतं. कुणीही हात लावलेला नाही.

१६ ऑक्टोबर
पोरीचा श्वास शिटीसारखा वाजतो. मला ओळखलं नाही तिनं. हे माझ्या शहाणपणाचं फळ. मधे कुणीतरी हवंच असेल तर मी आहे. सदतीस वर्षांची, मागे रडणारं कुणी नाही. माझी काळी बट कापली आणि मधे बांधली. मला फार भीती वाटतेय.

१७ ऑक्टोबर
बट जागेवरच आहे. अक्सानं पेज मागितली! वर मीठ कमी म्हणून कुरकुरली. मी जिन्यात बसून रडले.

१९ ऑक्टोबर
माझा घसा. पाणीसुद्धा गिळवत नाही — चालेल. पलीकडच्या खोलीत ती गातेय — चालेल सगळं.

२१ ऑक्टोबर
आवाज गेला. बाईसाहेब येऊन गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, केझाया, तुझी बट चुकून मधे राहिली होती बघ, ती मी कडेला लावली. मेलेली माणसं आता पुरे झाली, मधे माझी जिवंत पोर हवी. अक्साची बट त्यांनी आपल्या हातानं — देवाचे आभार म्हणून —

नको नको म्हणून मान हलवली. त्यांनी कपाळावर हात ठेवला, पडून राहा म्हणाल्या. गेल्या.

दारापर्यंत सरपटले. पुढे होत नाही —

कुणी वाचलंत तर आधी खाली जा. सोनेरी बट काढा, मधे माझी — माझीच —

गाणं थांबलं. खोकतेय ती —

डॉर्कस, लवकर, मधली